खाऱ्या वाऱ्यात टिकणारा कॅम्पर: ट्रकच्या चॅसीवर घरचं बांधकाम

कोकणात कॅम्पर, म्हणजे मागे राहण्याची पेटी बसवलेली गाडी, निकामी होतो तो इंजिनामुळे क्वचित. आधी मागच्या पेटीचे कोपरे तडकतात, तडीतून पाणी आत शिरतं, आणि दोन पावसाळ्यांत आतला प्लाय फुगून पापुद्र्यासारखा हाताने सुटतो. कोपरे तडकतात कारण चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) पिळते आणि पेटी पिळत नाही. शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही कारण पावसाळ्याच्या चारपैकी निदान तीन महिने इथली हवाच ओली असते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा चॅसी-पेटीच्या जोडाला आणि ओलीला दिली आहे. पलंग-कपाटं गावचा सुतार करून देतो, त्यात शिकवण्यासारखं फार नाही.

गाडी आणि मापं

कोकणात रुंदी आधी ठरते, लांबी नंतर. नियमाप्रमाणे गाडी २.६ मीटरपर्यंत रुंद चालते, पण वाडीत जाणाऱ्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतात आणि ते नियम वाचत नाहीत. बाहेरची रुंदी १.९ ते १.९५ मीटर ठेवा. जमिनीपासून छपरापर्यंतची उंची २.९ मीटरच्या आत हवी. त्यावर गेलात की फणसाच्या फांद्या आणि घराघरांत गेलेल्या विजेच्या वायरी आडव्या येतात.

मागचा लोंबता भाग हा खरा नडणारा मुद्दा. मागच्या अॅक्सलच्या मागे उरणारा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत चालतो असं नियम सांगतो. तुम्ही ३५ टक्क्यांवर थांबा. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडले, जयगड–तवसाळ या फेरीबोटींवर चढता-उतरताना ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात मोठा कोन पडतो. तिथे लांब शेपटीची गाडी हमखास घासते, आणि घासते ती नेमकी सांडपाण्याच्या टाकीवर. मागच्या चाकापासून शेपटीच्या खालच्या टोकापर्यंत निदान २५ अंशांचा कोन मोकळा हवा.

गाडी म्हणून टाटा ४०७च्या वर्गातला हलका ट्रक सोयीचा. सुटे भाग तालुक्याला मिळतात, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कुठलाही मिस्त्री चढवतो. दोघांपुरता छोटा कॅम्पर हवा असेल तर चार-बाय-चार पिकअपही चालते, पण त्यात वजनाचा हात आखडता घ्यावा लागतो. लष्कराच्या लिलावातले मोठे चार-बाय-चार ट्रक दिसायला रुबाबदार असतात. अडीच मीटर रुंदी आणि २४ व्होल्टची वायरिंग घेऊन ते हमरस्त्यालगतच अडकून पडतात. चार-बाय-चार असलेलं चांगलंच, पण वर्षातले आठ महिने चांगले टायर, जमिनीपासूनची उंची आणि मागे वजन नीट बसलेली साधी गाडीसुद्धा सगळीकडे जाते. पैसे मोजके असतील तर ते आधी पेटीत घाला.

पहिला कट मारण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. मापांसह रेखाचित्र, वजनाचा अंदाज आणि आसनांची मांडणी घेऊन वाहन निरीक्षकाला दाखवा, आणि जे सांगतील ते लेखी घ्या. ‘पेटी म्हणजे नुसता माल आहे’ या सबबीवर मालवाहू गाडी तशीच वापरणारे आहेत. मागे माणसं बसली आणि अपघात झाला की ती सबब विमा कंपनीपुढे टिकत नाही. राज्याचं २०२१ चं कॅरव्हॅन धोरण पर्यटनासाठी आहे. घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी त्यामुळे आपोआप सुटत नाही.

वजन आधी कागदावर

आरसीवर गाडीचं भारासह एकूण वजन दिलेलं असतं. जुना हौदा उतरवा, डिझेलची टाकी भरा आणि नुसती चॅसी-केबिन वजनकाट्यावर घाला. चिऱ्यांचे ट्रक जातात त्या प्रत्येक रस्त्यावर काटा सापडतो. पुढचा अॅक्सल वेगळा, मागचा वेगळा आणि दोन्ही मिळून, अशा तीन पावत्या घ्या.

समजा एकूण मर्यादा ४,४५० किलो आहे आणि नुसती गाडी २,१०० भरली. आता बेरीज करा: सबफ्रेम (चॅसी आणि पेटी यांच्यामधली लोखंडी चौकट) आणि ब्रॅकेट १३०, पेटी ३८५, दार-खिडक्या आणि छपरावरचा पंखा ५५, फर्निचर आणि गादी १४०, पाणी १५० लिटर टाकीसह १७०, बॅटरी-इन्व्हर्टर-वायरिंग ६०, सोलर रेल्ससह ५५, फ्रिज-शेगडी-सिलिंडर ६०, स्टेपनी, जॅक आणि गाडी सोडवण्याचं सामान १२०, तीन माणसं २२५, कपडे-किराणा १२०. ही बेरीज १,५२० किलो होते, म्हणजे गाडी ३,६२० वर. मर्यादेच्या ८१ टक्के. ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. कच्च्या रस्त्यावर पाट्यांना उसंत लागते, आणि कुठलाही कॅम्पर वर्षागणिक जड होत जातो, हलका कधीच होत नाही.

पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या अॅक्सलच्या पुढे, जमिनीलगत. छपरावर सोलर आणि पंखा सोडून काही नको. आंबा घाटाच्या वळणांवर छपरावरची प्रत्येक पेटी स्टिअरिंगमध्ये जाणवते.

पीळ मोजा

आपली चॅसी किती पिळते हे दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका, मोजा. सपाट फरशी शोधा. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक साधारण २२५ मिमी उंच ओंडक्यांवर चढवा. जांभ्याचा चिरा हाताशी असला तरी वापरू नका; तो ठिसूळ असतो आणि चाकाखाली न सांगता फुटतो. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे उत्तम. उरलेल्या चाकांना अडण लावा आणि गाडीखाली कुणी जाऊ नका.

आता केबिनच्या लगेच मागे चॅसीच्या दोन्ही रेल्सवर (लांबीच्या तुळयांवर) आडवी सरळ चौकोनी नळी ठेवा, तशीच दुसरी अगदी मागच्या टोकाला. दोन्हींवर डिजिटल लेव्हल ठेवून कोन वाचा. दोन कोनांमधला फरक म्हणजे तुमचा पीळ. रेल्सची बाहेरून बाहेर रुंदी ७६० मिमी आणि फरक ३ अंश असेल, तर एका बाजूला सबफ्रेम आणि रेल यांच्यात ४० मिमी फट पडणार. हा ४० चा आकडा लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या स्प्रिंगा त्यावरून ठरतात.

सबफ्रेम: मागे घट्ट, पुढे सैल

पेटी थेट चॅसीवर यू-बोल्टने आवळणं ही नेहमीची चूक. मालाच्या हौद्याला ते चालतं, कारण हौदा स्वतः थोडा पिळतो. बंद पेटी पिळत नाही, मग एक तर तिचे कोपरे जातात किंवा यू-बोल्टखाली चॅसीला बारीक तडा जातो. तो तडा रंगाखाली दिसतही नाही.

तीन टेकूंची पद्धत, म्हणजे मागे दोन पक्के आणि पुढे मधोमध एक फिरता, ही पुस्तकात छान दिसते. पण त्यात सगळं वजन तीन ठिपक्यांवर येतं आणि फिरत्या टेकूचं मशिनिंग नेमकं लागतं. आपल्याकडच्या फॅब्रिकेटरला सहज जमते आणि चॅसीवर भार सलग पसरवते ती स्प्रिंगची पद्धत. सबफ्रेम चॅसीच्या पूर्ण लांबीवर टेकलेली असते, मागच्या अॅक्सलपाशी पक्की बांधलेली, आणि पुढे स्प्रिंगांनी धरलेली. चॅसी पिळली की पुढच्या बाजूला सबफ्रेम एका रेलवरून उचलते, रस्ता सरळ झाला की परत बसते.

लांबीला दोन नळ्या: ९६×४८×४ मिमी, प्रत्येकी ३.४ मीटर, मीटरला साधारण साडेआठ किलो. त्या चॅसीच्या रेल्सवर बरोबर येतील अशा. आडव्या पाच: ६०×४०×२.९, प्रत्येकी १.९ मीटर. सगळं सपाट टेबलावर वेल्डिंगचे टाके मारून आधी कर्ण मोजा; दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग पूर्ण वेल्ड, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटूनपालटून, नाहीतर उष्णतेने चौकट ओढली जाते.

रेल आणि सबफ्रेम यांच्यामध्ये लाकूड घालायची जुनी रीत इथे सोडा. सागाचं असलं तरी ते खारं पाणी धरून ठेवतं आणि रेलचा वरचा पत्रा आतून खातं. कन्व्हेयर बेल्टचा तुकडाही तेच करतो. १० मिमी जाडीची एचडीपीई (दाट प्लास्टिक) पट्टी घ्या, दर ३०० मिमीवर बुडवलेल्या डोक्याच्या स्क्रूने फक्त सबफ्रेमला बसवा, चॅसीला नाही.

मागच्या पक्क्या जोडासाठी प्रत्येक बाजूला ८ मिमी जाडीच्या दोन फिशप्लेट, मागच्या पाट्याच्या पुढच्या आणि मागच्या हँगरच्या दरम्यान. प्लेट वर सबफ्रेमला वेल्ड, खाली चॅसीच्या उभ्या पत्र्याला चार बोल्ट: एम-१४, ८.८ ग्रेड, नायलॉक नट, १२५ न्यूटन-मीटर. शक्य तिथे कंपनीनेच पाडलेली भोकं वापरा. नवीन भोक पाडायचंच तर फक्त उभ्या पत्र्यात, वरच्या-खालच्या कडेपासून निदान ४० मिमी दूर. चॅसीच्या आडव्या पट्टीत भोक नाही, चॅसीवर वेल्डिंग नाही. याला अपवाद नाही. सबफ्रेम गाडीवर ठेवून टाके मारायची वेळ आली तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) प्लग काढा, आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा.

पुढे प्रत्येक बाजूला दोन स्प्रिंग-जोड, एक केबिनच्या मागे लगेच, दुसरा तिथून साधारण ८०० मिमीवर. प्रत्येक जोडाला दोन ब्रॅकेट: वरचा सबफ्रेमला, खालचा चॅसीच्या उभ्या पत्र्याला. दोन्हींतून एम-१६ चा लांब बोल्ट, आणि स्प्रिंग खालच्या ब्रॅकेटच्या खाली, वॉशर-नटने धरलेली. सबफ्रेम उचलली की बोल्ट वर जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. दोन ब्रॅकेटमध्ये ५ मिमी फट राहू द्या. भार रेलवर बसायला हवा, ब्रॅकेटवर नाही.

४० मिमी पिळासाठी स्प्रिंगचं माप असं: तार १० मिमी, मधला व्यास ६० मिमी, काम करणारे वेढे ९ आणि दोन्ही टोकांचे मिळून ११, मोकळी लांबी १८० मिमी, टोकं घासून सपाट. ही स्प्रिंग मिलिमीटरला साधारण ५ किलो जोर देते. बसवताना नट आवळून २० मिमी दाबा, म्हणजे १०० किलो. पीळ पूर्ण आला की ६० मिमी दाब, ३०० किलो, आणि वेढे एकमेकांना टेकायला अजून १० मिमी शिल्लक. पीळ ४० पेक्षा जास्त मोजला असेल तर लांब स्प्रिंग करून घ्या. नट सैल करून भागवू नका, त्याने पेटी प्रत्येक खड्ड्यात रेलवर आपटते. उलट ‘जरा घट्टच बरं’ म्हणून नट शेवटपर्यंत आवळलात तर स्प्रिंग असूनही जोड पक्का झाला, आणि तड ठरलेली.

स्प्रिंग उचलायला मोकळीक देते, पण बाजूला सरकू देता कामा नये. म्हणून प्रत्येक स्प्रिंगजवळ सबफ्रेमला ६ मिमी प्लेटची जीभ वेल्ड करा, चॅसीच्या बाहेरच्या बाजूने ८० मिमी खाली उतरणारी, आतून एचडीपीई लावलेली.

पेटी केबिनच्या मानाने डुलणार. ३ अंश पीळ असला की दोन मीटर उंचीवर १०० मिमी बाजूला सरकते. केबिन आणि पेटी यांत निदान १०० मिमी, केबिनच्या वर पलंगाचा भाग काढणार असाल तर तिथे १५० मिमी मोकळी जागा ठेवा. केबिनमधून आत जायची खिडकी ठेवण्याचा मोह आवरा. ती रबरी भात्याने जोडावी लागते आणि पावसाचं पहिलं पाणी तिथूनच येतं.

रंगाबद्दल एवढंच: रेडऑक्साइड आणि वर इनॅमल हा थर समुद्राकाठी एक पावसाळा काढतो. सँडब्लास्ट करून झिंक-रिच इपॉक्सी, त्यावर इपॉक्सी, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. जस्ताच्या पिंपात बुडवून गॅल्व्हनाइझ करायची सोय असेल तर सर्वांत उत्तम, मात्र बंद नळीला दोन्ही टोकांना हवेची भोकं ठेवा; कोंडलेल्या ओलाव्याची वाफ वितळलेल्या जस्तात नळी फोडते. चॅसीच्या आतून पोकळीत मारायचं वॅक्स मिळतं, ते मारा. जळकं ऑइल मारू नका. त्याने पाट्यांचे रबरी बुश फुगतात आणि रस्त्यावर थेंब पडतात ते वेगळंच.

पेटी: होडीवाल्याकडून शिका

पत्र्याची पेटी स्वस्त, पण आतून घाम धरते आणि प्रत्येक रिव्हेटपाशी गंजते. अॅल्युमिनियम वेल्ड करणारे सगळीकडे नाहीत. कोकणात एक कारागीर मात्र बहुतेक प्रत्येक बंदरावर आहे: फायबरच्या होड्या बांधणारा. देवगड, मालवण, मिरकरवाडा, हर्णै, कुठेही विचारा. मॅट, रेझिन आणि खारं पाणी हेच त्याचं आयुष्य. तो मोकळा कधी असतो ते मात्र आधी बघा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि तेव्हा त्याच्याकडे दुरुस्तीची रांग लागते. तुमचं काम दिवाळी ते होळी या काळात बसवा. तेव्हा हवाही कोरडी असते. पावसाळी दमट हवेत रेझिन नीट पिकत नाही, चिकट राहतं.

पेटीचं माप ३.२ मीटर लांब, १.९ रुंद, १.९ उंच धरलं तर फरशी-छपरासह सहा भिंतींचं क्षेत्रफळ ३१.५ चौरस मीटर होतं. भिंतीची मांडणी बाहेरून आत अशी: जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर), चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची), ६०० ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग (काचतंतूंचं कापड), पुन्हा ४५० ची मॅट, मग ४० मिमी पॉलियुरेथेन फोम (घनता घनमीटरला ६० किलो), आतून ४५० ची मॅट आणि ६०० चं रोव्हिंग. चौरस मीटरला साधारण साडेदहा किलो. पूर्ण पेटी ३३० किलोच्या आसपास, त्यात फरशीचा १२ मिमी मरीन प्लाय धरून ३८५.

सामान: मॅट ४७ किलो, रोव्हिंग ४२ किलो, आयसो (पॉलिएस्टर) रेझिन १६० ते १८० किलो, जेलकोट २० किलो. यात दहा-पंधरा टक्के वाया जाणारं धरलेलं आहे.

फोम निवडताना डोळे उघडे ठेवा. थर्माकोल आणि त्याचाच दाट भाऊ एक्सपीएस, हे दोन्ही पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतात. तुकड्यावर चमचाभर रेझिन ओतून बघा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. एक्सपीएसच वापरायचा हट्ट असेल तर इपॉक्सी घ्या, खर्च कितीतरी वाढतो. पॉलियुरेथेनला ही अडचण नाही.

भिंती सपाट टेबलावर एकेक करून ओता. सनमायका लावलेला टेबल, त्यावर मेणाचे चार हात, मग पीव्हीए, म्हणजे भिंत टेबलाला चिकटत नाही. जेलकोट बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, एवढा झाला की मॅट सुरू करा. हार्डनर रेझिनच्या एक ते दीड टक्का. तीस अंश तापमानाला हातात वीसेक मिनिटं मिळतात, म्हणून एका वेळी तीन-चार किलोपेक्षा जास्त कालवू नका. मोठ्या डब्यातलं रेझिन तापून धूर सोडतं. अॅक्सिलरेटर आधीच मिसळलेलं रेझिन घ्या. हार्डनर आणि कोबाल्ट अॅक्सिलरेटर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, स्फोट होतो. मास्क कार्ट्रिजचा हवा, कापडाचा नाही.

फोमच्या फळ्यांना दर १० सेंटिमीटरवर ३ मिमी भोकं पाडा, म्हणजे खाली अडकलेली हवा निघते. ओल्या मॅटवर बसवण्याआधी फोमलाही रेझिनचा एक हात द्या. कोरडा फोम मॅटमधलं रेझिन पिऊन टाकतो आणि तिथे भिंत सुटी राहते. वर प्लास्टिक, आणि त्यावर वाळूच्या पिशव्या, चौरस मीटरला शंभरेक किलो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नाण्याने टकटक करा. जिथे आवाज पोकळ, तिथे बाहेरून दोन भोकं पाडून सिरिंजने रेझिन भरा.

बिजागऱ्या, खिडकीची चौकट, फरशीचे बोल्ट, सोफ्याचे पाय: जिथे स्क्रू जाणार तिथला फोम आधीच काढून आयएस ७१० चा मरीन प्लाय बसवा, चारी कडा रेझिनने भिजवून. नंतर फोममध्ये मारलेला स्क्रू आठवड्यात हलतो आणि त्याच्या कडेने पाणी जातं.

भिंती उभ्या केल्या की आतल्या कोपऱ्यात पुट्टीने २५ मिमी गोलाई, त्यावर ४५० मॅटचे तीन थर, ५०, १०० आणि १५० मिमी रुंदीचे. बाहेरूनही तसेच. हाच कोपरा पिळाचा राहिलेला ताण सोसतो. इथे कंजूषी नको.

पेटी सबफ्रेमवर बसवताना सिकाफ्लेक्स-२५२ किंवा त्याच दर्जाचं पॉलियुरेथेन अॅडहेसिव्ह. थर ३ मिमीपेक्षा पातळ होऊ नये म्हणून मध्ये ३ मिमी रबराचे तुकडे ठेवा. पृष्ठभाग खरवडून, पुसून, प्राइमर लावून. शिवाय दर ५०० मिमीवर एम-१० चा बोल्ट आणि आतून ६०×६० ची जाड पट्टी. स्टेनलेसचे सगळे बोल्ट ३१६ चे घ्या. ३०४ ला समुद्राकाठी तपकिरी डाग पडतात. स्टेनलेस जिथे अॅल्युमिनियमला लागतो तिथे नायलॉन वॉशर, नाहीतर अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. सिलिकॉन कुठेही नको. ते सुटलं की त्या जागी पुन्हा दुसरं काही चिकटत नाही.

पाणी बाहेर, हवा आत

छप्पर मागच्या बाजूला ३० मिमी उतरतं ठेवा. प्रत्येक दार-खिडकीच्या वर २५×२५ चा अॅल्युमिनियम अँगल पागोळीसारखा लावा, दोन्ही टोकांना ५० मिमी बाहेर. घराला वळचण असते ती याच कारणासाठी, आणि खिडकीचं महागडं रबर जे करत नाही ते हा साधा अँगल करतो. दार डाव्या बाजूला. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा मुक्कामाला नाक त्या दिशेला करून गाडी लावा.

थंडीपासून बचाव हा कोकणात प्रश्न नाही. प्रश्न उकाड्याचा आणि बुरशीचा. छपरावर १४ इंची पंखा, हवा बाहेर फेकणारा, आणि फरशीलगत दोन्ही बाजूंना जाळीच्या झडपा. पंखा एकटा पुरत नाही, हवा आत यायला वाट हवी. गादीखाली सलग प्लाय नको, २० मिमी फटी ठेवून पट्ट्या. कपाटाची पाठ भिंतीपासून २० मिमी सुटी, दारांना झरोके. भिंतीला रेक्झिन किंवा गालिचा चिकटवू नका, ऑगस्टपर्यंत त्यामागे हिरवं मखमल तयार होतं. छप्पर पांढरं, आणि सोलर छपरापासून ५० मिमी वर. उन्हाळ्यात तीच सावली.

वीज, पाणी, गॅस

१२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे अडीच युनिट, वापरायला दोन. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला अर्धा युनिट, दोन पंखे आणि दिवे-पंप-फोन मिळून अर्धा. म्हणजे ऊन नसताना दोन दिवस. ४०० वॉट सोलर हिवाळ्यात भरपूर, पण जुलैत त्याच्या पाव भागही मिळत नाही असे दिवस सलग येतात, म्हणून आल्टरनेटरवरून चालणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवाच. सहा मीटर अंतरासाठी त्याला १६ चौरस मिमी वायर. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या, बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळते. साधं तांबं लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीच्या) आत हिरवं पडतं आणि जोड तापतो. मुख्य फ्यूज बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत.

विहिरीच्या पाण्यात पावसाळ्यात तांबडा गाळ असतो. भरतानाच २० मायक्रॉनचा फिल्टर, नळाजवळ कार्बन आणि यूव्ही.

गॅस हवेपेक्षा जड. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद, दार बाहेरून, आणि तळाला थेट जमिनीकडे उघडणारं निदान ५० मिमी व्यासाचं भोक. ते भोक चाकाच्या चिखलाने बुजतं, दर मुक्कामाला बोट घालून बघा. आयएसआयची नळी, शेगडीपाशी वेगळा कॉक, पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.

रस्त्यावर काढण्याआधी

पुन्हा त्याच ओंडक्यांवर, त्याच तिरक्या चाकांवर गाडी चढवा. पुढच्या स्प्रिंगांची हालचाल पट्टीने मोजा, जीभ कुठे अडकते का बघा, दार त्या स्थितीत उघडून-मिटून पाहा. दार अडलं तर पेटी अजून पिळते आहे; कुठला तरी बोल्ट ब्रॅकेटला टेकला असेल. मग पाण्याच्या जोरदार पाइपने अर्धा तास सगळ्या बाजूंनी मारा, आत टॉर्च घेऊन एकजण बसवा. नंतर पूर्ण भरून वजनकाटा, या वेळी डावं-उजवं वेगळं. डाव्या-उजव्यात पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर टाकी किंवा बॅटरी हलवा.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मुक्काम छान. कातळ सपाट आणि कोरडा. पण रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि ती गवतात दिसत नाहीत, तेव्हा मळलेल्या वाटेवरच गाडी ठेवा. मे आणि ऑक्टोबरात विजा असतात, तेव्हा सडा टाळा. पुळणीवर (समुद्राकाठच्या वाळूत) गाडी घालूच नका. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात, आणि साडेतीन टनांची गाडी ओल्या वाळूत बसली की पुढची भरती यायला सहाएक तासच असतात. जॅकखाली ठेवायला ४०० मिमीची जाड फळी सोबत असू द्या, तांबड्या चिखलात जॅक गाडीऐवजी स्वतःच खाली जातो.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर फिशप्लेटचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, स्प्रिंगचा २० मिमी दाब मोजा. त्यानंतर वर्षातून दोनदा, आगोटीआधी (पावसाळा सुरू होण्याआधी) आणि दिवाळीला. दर खाऱ्या मुक्कामानंतर चॅसी खालून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः एचडीपीई पट्टीच्या कडा आणि स्प्रिंगचे वेढे, आणि धुतल्यावर वीसेक किलोमीटर चालवून मगच गाडी उभी करा.